धडपडणाऱ्या मुलांचे गुरुजी

मार्च महिना उजाडला की वर्तमानपत्रांत एक छायाचित्र हमखास येते. परीक्षा केंद्राची भिंत, खिडकीच्या गजांना लोंबकळणारी दोन-चार पोरे आणि त्यांच्या हातातल्या चिठ्ठ्या. पुढे निकालाच्या दिवशी दुसरे छायाचित्र येते. त्यात आईवडील एका हुशार मुलाला किंवा मुलीला पेढा भरवीत असतात आणि मागे कुठल्या तरी शिकवणी वर्गाचा फलक असतो. आमच्या लातूर जिल्ह्यातली सोळा-सतरा वर्षांची मुले जगाला अशी वर्षातून दोनदाच दिसतात. एकदा कॉपी करताना आणि एकदा पेढा खाताना. मधल्या काळात दिसलीच तर ती मोटारसायकलवरून धडकलेली किंवा घरातून पळून गेलेली दिसतात. सिनेमा लावावा तर तिथला कॉलेजकुमार वर्गात कधी बसतच नाही. मोबाईलवरच्या चित्रफितीत तर गावाकडचा पोरगा म्हणजे हसण्यासाठीच जन्माला आलेला प्राणी.

मित्रहो, मग उरलेली मुले कुठे गेली? पहाटे म्हशीचे दूध काढून किनगाव, हाडोळती, शिरूर ताजबंदच्या वाटेने एस.टी.च्या दांड्याला धरून कॉलेजात येणारी, दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गेले की धाकट्या भावंडांच्या भाकरी थापून अभ्यास करणारी, पन्नास-पंचावन्न टक्क्यांत समाधान मानणारी ही मुले कुणाच्या लेखणीला का दिसत नाहीत? हा प्रश्न मनात घोळत असतानाच आमच्या ग्रंथालयात एका जुन्या, पाने सुटलेल्या पुस्तकाने मला एका माणसाच्या चरित्राकडे नेले. त्या माणसाला आपण सगळे ओळखतो. निदान ओळखतो असे समजतो. ते म्हणजे साने गुरुजी.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात, दापोली तालुक्यातील पालगड या गावी झाला. घराणे खोतांचे, पण वैभव ओसरलेले. वडील सदाशिवराव यांच्या काळात कर्ज वाढत गेले आणि राहत्या घरावर जप्ती येण्यापर्यंत पाळी आली. आई यशोदाबाई. पुढे जिचे नाव महाराष्ट्राच्या घराघरांत पोचले, तीच ही माउली. मुलाच्या अंगी सत्य, स्वाभिमान आणि प्राणिमात्रांविषयीची कणव तिनेच रुजवली, हे आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहोत. आपण फारसे ऐकलेले नाही ते त्यांच्या किशोरवयाविषयी.

पांडुरंग शिकण्यासाठी प्रथम पुण्याला मामाकडे राहिला, पण तेथे त्याचे बस्तान बसले नाही. मग दापोलीच्या मिशन हायस्कूलमध्ये तो शिकू लागला. घरची परिस्थिती अधिकच खालावली, तेव्हा औंध संस्थानात गरीब विद्यार्थ्यांची सोय होते असे ऐकून तो एकटाच औंधला गेला. अनोळखी मुलूख, हाताने स्वयंपाक, कधी अर्धपोटी राहणे. त्यातच औंधला प्लेगाची साथ आली आणि तेथूनही उठावे लागले. शेवटी पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयातून १९१८ मध्ये तो मॅट्रिक झाला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९१७ मध्ये, आई गेली. शेवटच्या घटकेला मुलगा जवळ नव्हता. ती रुखरुख त्याला जन्मभर पुरली. सतराव्या वर्षी पोरका झालेला, गावोगाव शिक्षणासाठी फिरणारा, खिशात दमडी नसलेला असा हा मुलगा. त्या वेळी कुणी त्याचे छायाचित्र घेतले असते तर ते कुठल्या चौकटीत बसवले असते? हुशारांच्या की वाया गेलेल्यांच्या? मला वाटते, कुठल्याच नाही.

पुढे पुण्यात ते बी. ए. झाले आणि तत्त्वज्ञानाच्या ओढीने खानदेशात अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले. १९२४ मध्ये एम. ए. होऊन त्याच गावच्या प्रताप हायस्कूलमध्ये ते शिक्षक झाले. जेमतेम सहा वर्षांची ही नोकरी, पण गुरुजी हे नाव त्यांना मिळाले ते येथेच. शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. वसतिगृहातल्या मुलांविषयी जगाचे मत तेव्हाही आजच्याहून फार वेगळे नसावे. मुले एकत्र आली की दंगा करणार, त्यांना छडीचा धाक हवा, असेच वडीलधारे मानत. गुरुजींनी छडीला हात लावला नाही. मुले शाळेत गेली की ते त्यांच्या खोल्या झाडत, अस्ताव्यस्त अंथरुणे घडी करून ठेवीत, दिव्यांच्या काचा पुसत. मुलांना प्रथम कळेचना की हे कोण करते. कळले तेव्हा ती खजील झाली आणि आपापली कामे आपण करू लागली. आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढणारा शिक्षक त्यांनी पूर्वी पाहिला नव्हता.

या छात्रालयात गुरुजींनी आणखी एक गोष्ट केली आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने मला ती सर्वांत मोलाची वाटते. त्यांनी मुलांसाठी 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक सुरू केले. रात्री जागून ते लिहायचे आणि सकाळी मुलांपुढे ठेवायचे. देशात काय घडते आहे, जगात काय चालले आहे, आणि त्याच जोडीला छात्रालयात काय घडले, कुणाचे काय चुकले, कुणी काय चांगले केले, हे सारे त्यात असे. छापखाना नाही, जाहिरात नाही, वर्गणी नाही. पण विचार करा, त्या मुलांच्या आयुष्यात प्रथमच असे एक वर्तमानपत्र आले की ज्यात बातमी त्यांची होती. ती न पकडले गेल्याची होती, न पहिल्या आल्याची. ती केवळ राहण्याची, वागण्याची, चुकण्याची आणि सुधारण्याची बातमी होती. पुढे १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' नावाचे मासिकही काढले. विद्यार्थी हा उपदेश ऐकणारा कान नसून विचार करणारे डोके आहे, ही श्रद्धा या दोन्ही उद्योगांमागे होती.

१९३० मध्ये महात्मा गांधींनी सविनय कायदेभंग पुकारला आणि गुरुजींनी नोकरी सोडून त्यात उडी घेतली. धुळे, त्रिचनापल्ली, नाशिक अशा तुरुंगांच्या वाऱ्या सुरू झाल्या. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेकडचे सत्याग्रही भेटले, तमिळ भाषेची गोडी लागली. पुढे त्यांनी 'कुरल' मराठीत आणले आणि अखेरच्या काळात मांडलेल्या आंतरभारतीच्या कल्पनेचे बीजही तेथेच पडले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर जी प्रवचने दिली, ती टिपून घेणारा हात साने गुरुजींचा होता. आज आपण 'गीता प्रवचने' वाचतो ती त्यांच्या या कष्टामुळे.

नंतर नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ रोजी त्यांनी 'श्यामची आई' लिहावयास घेतले आणि १३ फेब्रुवारीला लिहून हातावेगळे केले. दिवसा तुरुंगाचे काम आणि उरल्या वेळात हे लेखन. १९३५ मध्ये पुस्तक प्रसिद्ध झाले. आश्रमात राहणारा मोठा झालेला श्याम आपल्या सोबत्यांना रोज रात्री आईची एकेक आठवण सांगतो, अशी त्याची रचना आहे.

येथे थोडे थांबू. श्याम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोण येते? तळव्यांना माती लागू नये म्हणून आईचा पदर मागणारा, डोळ्यांत पाणी आणणारा, शहाणा, सोज्ज्वळ मुलगा. पण पुस्तक पुन्हा उघडून पाहावे. हाच श्याम पोहायला जायचे म्हणून भिऊन लपून बसतो आणि आईचा मार खातो. पुस्तक विकत घेण्याच्या मोहाने पैसे चोरतो. घरातून पळूनही जातो. गुरुजींनी यातले काहीच लपवले नाही. आपल्या चुका त्यांनी चारचौघांत सांगितल्या. म्हणजे लेखकाने जो मुलगा लिहिला तो चुकणारा होता, आणि आपण जो लक्षात ठेवला तो मात्र न चुकणारा.

हे कसे झाले? त्याला एक कारण खुद्द पुस्तकात आहे. ते आईविषयी आहे, मुलाविषयी नाही. मुलाच्या चुका तिथे येतात त्या आईचे मोठेपण दाखवण्यासाठी. दुसरे कारण पुढचे. १९५३ मध्ये आचार्य अत्रे यांनी 'श्यामची आई' हा चित्रपट काढला. वनमालाबाईंनी आई आणि माधव वझे यांनी श्याम अशी भूमिका केली. देशातील सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक प्रथमच दिले गेले ते या चित्रपटाला. चित्रपट थोर होता यात शंका नाही. गावोगावच्या लोकांनी तो डोळे पुसत पाहिला. पण पडद्यावर जे एकदा दिसते ते मनात कायमचे गोठून बसते. श्याम त्या वयाचाच राहिला. तो मोठा झालाच नाही.

आणि खरी गंमत, किंबहुना खंत, पुढेच आहे. गुरुजींनी श्यामला मोठा केला होता! 'श्याम', 'धडपडणारा श्याम' अशी पुस्तके त्यांनी लिहिली. त्यांत दापोलीचा, औंधचा, पुण्याचा श्याम आहे. मित्रांवर जीव टाकणारा, उपाशी राहणारा, रागावणारा, एकटा पडणारा, आपल्याच वयाचा श्याम. ही पुस्तके आमच्या ग्रंथालयात आहेत. सुरुवातीला ज्या पाने सुटलेल्या पुस्तकाचा उल्लेख केला ते 'धडपडणारा श्याम'च होते. पण ते घरी नेल्याचे शिक्के फारच थोडे होते. आईच्या कुशीतला मुलगा सर्वांना हवा असतो. देशासाठी प्राण देणारा तरुणही सर्वांना हवा असतो. मधल्या चार-पाच वर्षांतला, धड लहान नाही धड मोठा नाही असा मुलगा मात्र कुणालाच नको असतो. म्हणूनच त्याची जागा साचे भरून काढतात.

या मधल्या मुलांसाठी गुरुजींनी एक शब्द रूढ केला, धडपडणारी मुले. याच नावाची त्यांची कादंबरी आहे. तीत स्वामी नावाचा शिक्षक आहे आणि छात्रालयातली नामदेव, रघुनाथ यांसारखी मुले आहेत. अमळनेरची छाया त्या कादंबरीवर स्पष्ट दिसते. मुलांना चांगली किंवा वाईट न म्हणता धडपडणारी म्हणणे ही साधी गोष्ट नाही. चांगला म्हटले की तो कालही चांगला आणि उद्याही चांगलाच असला पाहिजे. वाईट म्हटले की संपलेच. धडपडणारा म्हटले की तो पडतो हेही मान्य आणि उठतो हेही मान्य.

अर्थात गुरुजींचे सगळेच आपण डोळे झाकून घ्यावे असे नाही. त्यांची मुले कधी कधी फारच हळवी आणि फारच गुणी वाटतात, आणि श्यामच्या गोष्टींत त्या वयाची मुलगी पुढे येत नाही. तिचे लग्न होते, एवढेच कळते. तो काळच तसा होता, असे म्हणता येईल. पण अखेरच्या दिवसांत त्यांनी आपली पुतणी सुधा हिला लिहिलेली पत्रे 'साधना' साप्ताहिकातून आली आणि 'सुंदर पत्रे' म्हणून प्रसिद्ध झाली. फुलेपाखरे, नद्या, पुस्तके, देशातले प्रश्न, सगळे काही ते तिच्याशी बोलतात. मुलीशी बोलायचे म्हणजे स्वयंपाक आणि मर्यादा यांविषयीच, असे त्यांनी मानले नाही.

महाराष्ट्राने गुरुजींनाही एका साच्यात घातले, तो म्हणजे रडणाऱ्या माणसाचा. पण हा रडणारा माणूस १९३६ च्या फैजपूर काँग्रेससाठी खेडोपाडी हिंडला. १९४२ च्या लढ्यात भूमिगत राहिला आणि पुन्हा तुरुंगात गेला. त्याच लढ्यात त्यांच्या खानदेशातल्या नंदुरबारला शिरीषकुमार मेहता हा १५ वर्षांचा मुलगा ९ सप्टेंबर १९४२ रोजी गोळीबारात पडला. स्वातंत्र्य दारात आले असताना, पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना बंद आहे हे गुरुजींना सहन होईना. १९४७ च्या आरंभी चार महिने त्यांनी महाराष्ट्र पालथा घातला आणि १ मे रोजी पंढरपुरात उपोषण आरंभले. मोठमोठ्यांनी परावृत्त केले तरी ते डगमगले नाहीत. अखेर मंदिर खुले करण्याचे मान्य झाले आणि मगच उपोषण सुटले. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतर प्रायश्चित्त म्हणून त्यांनी २१ दिवसांचा उपवास केला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला 'साधना' साप्ताहिक सुरू झाले. रडणाऱ्याला एवढे करता येत असेल, तर रडण्याविषयीचे आपले मतच तपासून पाहायला हवे. मुलगा रडला की बायकी आणि मुलगी बोलली की उद्धट, हेही सिनेमाने आणि मालिकांनी पक्के केलेले साचेच नव्हेत काय?

स्वातंत्र्यानंतरचे जग गुरुजींना हवे तसे नव्हते. मन खचत गेले. ११ जून १९५० रोजी, वयाच्या ५० व्या वर्षी, त्यांनी आपली जीवनयात्रा स्वतःच संपवली. त्यांच्या मोठेपणाचा हा भाग नव्हे आणि तो अनुकरण करण्याजोगाही नव्हे. इतरांच्या उशाशी बसणाऱ्या माणसाच्या उशाशी त्या रात्री कुणी नव्हते, एवढेच त्यातून शिकावे. मन जड झाले तर बोलावे आणि मित्र गप्प झाला तर त्याला बोलते करावे.

गुरुजींना जाऊन पाऊणशे वर्षे होऊन गेली. काहीच बदलले नाही असे मी म्हणणार नाही. मिलिंद बोकील यांच्या 'शाळा' कादंबरीत आणि त्यावरच्या चित्रपटात, नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त मधल्या वयाची मुले खरीखुरी भेटतात. 'शाळा' चित्रपट करणारे सुजय डहाके यांनीच २०२३ मध्ये 'श्यामची आई' पुन्हा पडद्यावर आणली, हा योगायोग मला बोलका वाटतो. पण अशी कलाकृती एखादीच असते आणि साचे रोज हातातल्या मोबाईलवर येऊन पडतात.

त्यांची किंमत कोण देते, हे मी घरात पाहिले आहे. बारावीनंतर मला कॉलेजात घालायचे की नाही, यावर आमच्या घरी आठ दिवस खल चालला. आमच्या घरातून कॉलेजची पायरी कुणीच चढलेले नव्हते. माझे वडील वाईट नाहीत. पण कॉलेज त्यांनी पाहिले होते ते फक्त पडद्यावर आणि कॉलेजची मुलगी पाहिली होती ती पळून जाणारी. त्यांची भीती खोटी नव्हती, चित्र खोटे होते. शेवटी आईने मला एस.टी.चा पास काढून दिला. आमच्या गल्लीतल्या माझ्या मैत्रिणीला मात्र तेवढे भाग्य लाभले नाही. ती आज सासरी आहे. तिची बातमी कुठेच आली नाही.

म्हणून मला वाटते, गुरुजींची जयंती साजरी करताना त्यांच्या तसबिरीला हार घालून थांबू नये. अमळनेरच्या छात्रालयातले ते हाताने लिहिलेले दैनिक आठवावे. जगाने आपल्याला नीट पाहावे असे वाटत असेल तर आधी आपणच आपल्याविषयी खरे लिहिले पाहिजे. परीक्षेत नापास झालेल्याने नापास होण्याविषयी लिहावे, ऊसतोडीच्या फडावर वाढलेल्याने फडाविषयी लिहावे, मुलींनी एस.टी.च्या प्रवासाविषयी लिहावे. आपल्या या वार्षिक अंकाची पाने त्यासाठी आहेत. प्राध्यापकांनाही एक नम्र विनंती आहे. आम्हाला गुणी किंवा उनाड म्हणण्यापूर्वी एकदा धडपडणारी मुले म्हणून पाहावे.

हे लिहून झाल्यावर मी ते वडिलांना वाचून दाखवले. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला सोडायला ते फाट्यापर्यंत आले आणि 'धडपडणारा श्याम' घरी घेऊन ये, म्हणजे रात्री वाचून दाखवता येईल, एवढे सांगून गेले. त्या पुस्तकावर या वर्षी एक शिक्का वाढला आहे.